कुकआऊटचं बोलावणं आलंय? अमेरिकेत नव्यानं आलेल्यांसाठी

अमेरिकेतल्या माझ्या पहिल्या कुकआऊटला, म्हणजे अंगणात ग्रिल पेटवून होणाऱ्या जेवणाला, मी स्टीलचा डबा घेऊन गेले होते. चार जुलै, म्हणजे अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन, ओहायोतलं एक उपनगर, नवऱ्याच्या ऑफिसातल्या सहकाऱ्याचं घर. आम्हाला येऊन जेमतेम दोन महिने झालेले. तिथं बीफच असणार, जे बीफ नसेल ते गोड असणार, असं धरून चालून मी पोळ्या, फरसबीची भाजी आणि काकडी असा तीन पुडांचा डबा भरला. सगळी मंडळी कागदी ताटल्या हातात घेऊन गवतावर उभी, आणि आम्ही दोघं टेबलाच्या एका टोकाला डबा उघडून बसलेलो. घरची बाई दोनदा येऊन "एव्हरीथिंग ओके?" विचारून गेली. निघताना पाणी प्यायला आत गेले, तर ओट्यावर व्हेजी बर्गरचं न उघडलेलं खोकं. आमच्यासाठी मुद्दाम आणलेलं. "आम्ही बीफ खात नाही" हे नवऱ्यानं ऑफिसात कधीतरी सहज म्हटलेलं तिनं लक्षात ठेवलं होतं. त्या खोक्याची आठवण आली की मला आजही कानकोंडं होतं.

पुढं बरेच उन्हाळे गेले. मध्ये नवऱ्याचं एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज देणारी रक्ततपासणी, ६.१ निघालं. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, तेव्हा खाण्याकडे बघणं भागच पडलं. तेवढ्यात एक गोष्ट माझ्या ध्यानात आली: तुमच्या ताटलीत काय आहे हे इथं जवळजवळ कुणीच बघत नाही. तुम्ही आधी विचारलंत का, येताना काही आणलंत का, आणि आल्यावर घोळक्यात उभे राहिलात का, हे मात्र सगळे बघतात. त्यामुळे पथ्याचं बरंचसं काम त्या दिवसाच्या आधीच उरकायचं असतं. टेबलापाशी उभं राहून ते करायला गेलं की माणसं दुखावतात.

हे प्रकरण काय असतं

मेमोरियल डे म्हणजे मे महिन्याचा शेवटचा सोमवार, मग चार जुलै, आणि लेबर डे म्हणजे सप्टेंबरचा पहिला सोमवार. या तीन सुट्ट्यांच्या मधला काळ हा कुकआऊटचा हंगाम. घरामागच्या अंगणात ग्रिल पेटवायची, बर्गर आणि हॉट डॉग भाजायचे, बाकीचं ज्यानं त्यानं घेऊन यायचं. हुरडा पार्टीला गेलेल्या माणसाला यात नवं काही नाही. निखारे, उभ्याउभ्या खाणं, गप्पा. फक्त हुरड्याला कुणी पथ्य विचारत नाही.

दक्षिणेकडे, म्हणजे टेक्सास, टेनेसी, कॅरोलायना या भागांत, 'बार्बेक्यू' हा शब्द जपून वापरा. तिथं बार्बेक्यू म्हणजे धुरावर तासन्‌तास शिजवलेलं मांस. ग्रिलवरच्या बर्गरला बार्बेक्यू म्हटलंत तर कुणीतरी हसत हसत, पण नक्की, तुमची चूक सुधारेल.

पहिली पायरी: बोलावणं आल्याबरोबर दोन वाक्यं

बोलावणं बहुधा फोनवरच्या मेसेजमधून येतं. उत्तरात दोनच गोष्टी लिहायच्या. पहिली, "व्हॉट कॅन आय ब्रिंग?" दुसरी, आपण काय खातो. काय खात नाही याची यादी देत बसू नका. "आम्ही बीफ आणि पोर्क खात नाही, चिकन किंवा भाज्या काहीही चालेल, आणि मी एक बीन सॅलड घेऊन येतेय" एवढं इंग्रजीत लिहिलं की झालं. त्या वाक्यात अडचण आहे तसाच तिच्यावरचा तोडगाही आहे, त्यामुळे समोरच्याला काही करावं लागत नाही. हे चार-पाच दिवस आधी कळवा. शनिवारी सकाळी त्याची खरेदी झालेली असते. मग सांगितलंत तर तो बिचारा पुन्हा दुकानात धावतो आणि तुम्हाला अपराधी वाटतं.

पूर्ण शाकाहारी असाल तर 'व्हेजिटेरियन' एवढ्या शब्दावर थांबू नका. मासे खाणारेही इथं कधीकधी स्वतःला व्हेजिटेरियन म्हणवतात. "नो मीट, नो चिकन, नो फिश, डेअरी इज फाइन" असं सांगितलं की घोळ होत नाही. अंडं चालतं की नाही तेही सांगून टाका, कारण बटाट्याच्या सॅलडमधल्या मेयोनेझमध्ये ते असतंच.

"जस्ट ब्रिंग युवरसेल्व्ज" असं उत्तर आलं तरी रिकाम्या हातानं जायचं नाही. हे तुम्हाला सांगायला नको, आपल्याकडेही "काही आणू नका हं" याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक असतो.

उपासाचंही आधीच बघून ठेवा. २०२५ साली चार जुलैला जोडून आलेला रविवार, ६ जुलै, म्हणजे आषाढी एकादशी होती. त्याच वर्षी लेबर डेला, १ सप्टेंबरला, इकडे ग्रिल पेटत होत्या आणि तिकडे महाराष्ट्रात गौरी जेवत होत्या. अशा दिवशी "आय एम फास्टिंग टुडे, बट आय विल हॅव फ्रूट" म्हटलं तर कुणाच्या भुवया वर जात नाहीत. रमजान, ख्रिस्ती लोकांचा उपासाचा लेंट, झालंच तर सोळा तासांचं ते आधुनिक लंघन, लोकांनी सगळं पाहिलेलं असतं. कलिंगड असतंच. दोन रताळी फॉइलमध्ये गुंडाळून न्या आणि ग्रिलच्या कडेला ठेवायला सांगा. रताळ्याच्या आकारावर आहे, पण पाऊण ते एक तासात होतात.

दुसरी पायरी: न्यायचं काय

इथं मी थोडी जास्त वेळ थांबणार आहे, कारण हाच खरा कळीचा भाग. तुम्ही नेलेला पदार्थ हेच तुमचं जेवण असतं. त्यामुळे तो असा हवा की ताटलीचा अर्धा भाग तुम्ही त्यानंच भरला तरी कुणाला खटकू नये, आणि चार परक्या माणसांनीही तो आपण होऊन वाढून घ्यावा. सुरुवातीला मी साबुदाणा वडे नेले, लोकांनी चवीनं खाल्ले, आणि आमच्या पथ्याचा बोजवारा उडाला. मग दडपे पोहे नेले. ते कुणी उचललेच नाहीत, कारण ते नाश्त्याचं सीरियल आहे की सॅलड हेच कुणाला कळेना.

उत्तर शेवटी चवळीत सापडलं. चवळीला इथं ब्लॅक-आइड पीज म्हणतात. टेक्सासमध्ये १९४० च्या सुमारास हेलन कॉर्बिट नावाच्या स्वयंपाकात मुरलेल्या बाईंनी चवळी तेल-व्हिनेगरात मुरवून वाढायला सुरुवात केली. त्याचं पुढं 'टेक्सास कॅविआर' झालं (कॅविआर म्हणजे खरं तर माशांची अंडी, इथं नाव फक्त गमतीचं), आणि आता सगळ्या देशात 'काउबॉय कॅविआर' म्हणून ओळखतात. म्हणजे पदार्थ त्यांच्या ओळखीचा, कडधान्य आपल्या घरचं. मोड न आलेली, थंड, आंबट उसळच म्हणा ना.

दहा-बारा माणसांत इतर पदार्थांबरोबर पुरेल असं माप देते. चवळीचे १५ औंसांचे दोन डबे चाळणीत ओतायचे आणि नळाखाली खळखळून धुवायचे. डब्यातल्या पाण्याबरोबर बरंचसं मीठ निघून जातं. कोरडी चवळी घेणार असाल तर दीड कप रात्री भिजवा आणि सकाळी कुकरला एकच शिट्टी द्या, दाणा अख्खा राहिला पाहिजे. त्यात दोन कप मक्याचे दाणे, एक लाल भोपळी मिरची आणि अर्धा लाल कांदा बारीक चिरून, एक हालपीन्यो मिरची बिया काढून, मूठभर कोथिंबीर. वरून दोन लिंबांचा रस, दोन टेबलस्पून तेल, चवीपुरतं मीठ आणि एक चहाचा चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड. जिरं हा माझा आगाऊपणा, पण रेसिपी विचारतात ती त्याच्यामुळेच. झाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचं. टोमॅटो घालायचे असतील तर निघताना घाला, नाहीतर पाणी सुटतं आणि सकाळी सगळं गिळगिळीत झालेलं दिसतं.

एक कप शिजलेल्या चवळीत सुमारे १३ ग्रॅम प्रथिनं आणि ११ ग्रॅम तंतू असतात. त्यामुळे मागून बर्गर खाल्ला काय आणि नाही खाल्ला काय, पोट भरलेलं राहतं. दूध नाही, अंडं नाही, गहू नाही, दाणे नाहीत. वीगन मुलगी आणि ग्लूटेन न चालणारे तिचे काका, दोघंही खातात.

दाण्यांवरून आठवलं. काकडीची खमंग कोशिंबीर न्यायची असेल तर शेंगदाण्याचं कूट घालू नका. घातलंच तर भांड्यावर ठळक अक्षरांत 'कन्टेन्स पीनट्स' अशी चिठ्ठी चिकटवा. शेंगदाण्याची अॅलर्जी जीवघेणी ठरू शकते, आणि कोशिंबिरीत भुरभुरलेलं कूट वरून दिसत नाही. तिळाचंही तसंच. २०२३ पासून इथल्या अन्नपदार्थांच्या लेबलावर लिहाव्या लागणाऱ्या नऊ प्रमुख अॅलर्जींमध्ये तिळाचा समावेश झाला आहे. अंगणात कोणाची मुलं फिरत असतील ते तुम्हाला माहीत नसतं. चिठ्ठी लावायला दहा सेकंद लागतात.

दुसरा सोपा पर्याय म्हणजे मक्याची कणसं. जुनी म्हण आहे की चार जुलैपर्यंत मका गुडघ्याइतका व्हायला हवा. यावरून कळेल की ओहायोतलं शेतावरचं ताजं कणीस त्या दिवशी मिळत नाही. दुकानात असतात ती दक्षिणेकडून आलेली. खरी बहार जुलैच्या मध्यापासून पुढं, त्यामुळे लेबर डेला कणसं न्यावीत. पानांसकट अर्धा तास पाण्यात बुडवून तशीच ग्रिलवर ठेवायची, मग सोलून लिंबाची फोड तिखट-मिठात बुडवून चोळायची. लोणावळ्याच्या घाटातली चव पूर्ण येत नाही, इथला मका फार गोड आहे. पण लोण्याची अख्खी कांडी फासलेल्या कणसाशेजारी लोक ते मागून घेतात. आमच्या शेजारच्या आजोबांनी तर मागच्या वर्षी लिंबाची फोड खिशात घालून नेली.

पदार्थ कुठलाही असो, उन्हात जपावा लागतो. टेबलावर दोन तासांपेक्षा जास्त नाही, आणि हवा ९० फॅरनहाइटच्या वर असेल तर एकच तास, असा इथला नियम आहे आणि तो पाळण्यासारखा आहे. भांडं बर्फाच्या ट्रेमध्ये ठेवलं की काळजी मिटते. दहीभात आणि दह्यातल्या कोशिंबिरी म्हणूनच मी नेत नाही.

तिसरी पायरी: थोडं खाऊन निघा

बोलावणं दोनचं असलं तरी जेवण दोनला नसतं. दोनला ग्रिलचं झाकण उघडतं. चारपर्यंत तुमच्यासमोर असतात ते चिप्स, साल्सा, क्रीमचं डिप आणि गप्पा. भुकेल्या पोटी गेलात तर जेवणाआधीच हजारभर कॅलरी आत जातात आणि काय खाल्लं ते आठवतही नाही. आम्ही घरून वाटीभर मूग किंवा दोन उकडलेली अंडी खाऊन निघतो. दिलेल्या वेळेनंतर पंधरा-वीस मिनिटांनी पोचा. आधी मात्र जाऊ नका, घरची माणसं अजून खुर्च्या मांडत असतात.

चौथी पायरी: ताटली उचलायच्या आधी एक फेरी

रांगेत सरळ उभं राहू नका. आधी हात मोकळे ठेवून टेबलाभोवती एक चक्कर मारा आणि काय काय आहे ते बघा. काही गोष्टी माहीत असल्या की पुढं पस्तावावं लागत नाही.

'सॅलड' या शब्दावर अजिबात विश्वास ठेवू नका. पास्ता सॅलड म्हणजे मैदा आणि मेयोनेझ. मध्यपश्चिमेत स्निकर्स सॅलड नावाचा पदार्थ मिळतो, त्यात सफरचंदाच्या फोडी, चॉकलेटचे तुकडे आणि व्हिप्ड क्रीम असतं. ते सॅलडांच्याच रांगेत, गाजराशेजारी, निर्लज्जपणे बसलेलं असतं. चमचाभर घेऊन बघा, मजा आहे, फक्त त्याला भाजी समजू नका.

बेक्ड बीन्स बघून शाकाहारी माणसाचा जीव भांड्यात पडतो, पण त्यात बहुतेक वेळा बेकन किंवा डुकराची चरबी आणि भरपूर ब्राऊन शुगर असते. विचारून घ्या. मुलांसाठी शेकोटीवर भाजायचे मार्शमॅलो आणि थरथरणारी जेलो, दोन्हीत जिलेटिन असतं, आणि ते जनावरांपासून बनतं. वूस्टरशर सॉसमध्ये अँचोव्ही मासे असतात. आमच्या मुलानं पाच वर्षं आनंदानं मार्शमॅलो खाल्ल्यावर आम्हाला हे कळलं. झालं ते झालं.

मग पेयं. बर्फाच्या पेटीत एकसारखे दिसणारे रंगीत डबे असतात. साधं सेल्टझर म्हणजे नुसतं बुडबुड्यांचं पाणी, हे तुमचं. हार्ड सेल्टझरमध्ये साधारण पाच टक्के अल्कोहोल असतं, आणि डबा तसाच, त्यावर लिंबाचं तेच चित्र. 'हार्ड' हा शब्द दिसला की खाली ठेवा. लेमोनेड आणि आइस्ड टीचीही 'हार्ड' भावंडं असतात. कोलाच्या १२ औंसांच्या डब्यात ३९ ग्रॅम साखर असते, म्हणजे जवळजवळ दहा चहाचे चमचे. अमेरिकन हार्ट असोसिएशन दिवसभरात वरून घातलेली साखर बाईमाणसानं २५ ग्रॅम आणि पुरुषानं ३६ ग्रॅमपर्यंतच खावी म्हणते, म्हणजे बाई असो की पुरुष, एका डब्यात दिवसाचा कोटा संपला. सेल्टझर लाल प्लास्टिकच्या पेल्यात ओता, लिंबाची फोड टाका. पेला हातात असला की "तुझ्यासाठी काय आणू?" हा प्रश्न येत नाही, आणि आत काय आहे हे कुणी विचारत नाही.

पाचवी पायरी: ग्रिलपाशी

ग्रिल हे घरमालकाचं देवघर आहे. न विचारता चिमट्याला हात लावायचा नाही, झाकण उघडून बघायचं नाही, आणि दुसऱ्याचा बर्गर सरकवायचा नाही. पण तिथं जाऊन उभं मात्र जरूर राहा. सगळ्यात छान गप्पा तिथंच होतात. भाजणारा माणूस एकटा उन्हात उभा असतो, त्याला गार पाण्याचा पेला नेऊन दिलात की तो तुमचा झाला.

शाकाहारी असाल तर आपली कणसं किंवा भोपळी मिरची-मश्रूमच्या काड्या जाळीवर बीफ पडायच्या आधी भाजून घ्यायची विनंती करा, किंवा फॉइलचा तुकडा पुढं करा. "कुड धीज गो ऑन फॉइल?" यात कुणाला वावगं वाटत नाही. पण हे पहिल्या दहा मिनिटांत विचारा. जाळी चरबीनं माखल्यावर "घासून देता का?" म्हणणं बरं दिसत नाही. वनस्पतींपासून केलेले काही बर्गर हल्ली हुबेहूब बीफसारखे दिसतात, अगदी आतून लालसरसुद्धा. त्यामुळे ताटलीत घेण्याआधी आपला कुठला ते भाजणाऱ्याच्या तोंडून ऐका. शिवाय वनस्पतींचा म्हणजे हलका असं काही नाही. खोक्यावर मिठाचा आकडा बघा, आणि काहींत अंड्याचा पांढरा भाग असतो तेही.

मांसाहार करणाऱ्यांनी चिकन घ्यावं, आणि ते शिजलंय ना ते बघावं. चिकन आतून १६५ फॅरनहाइट, बीफचा खिमा १६०, ही अमेरिकी कृषी खात्यानं सांगितलेली तापमानं. बाहेरून काळं आणि आतून गुलाबी चिकन कुकआऊटला हमखास दिसतं. कापल्यावर गुलाबी दिसलं तर गुपचूप "कॅन धिस गो बॅक फॉर अ मिनिट?" म्हणायचं. जोरात बोलायचं नाही. कच्चं चिकन ज्या ताटलीतून आलं त्याच ताटलीत भाजलेलं परत ठेवलेलं दिसलं तर स्वच्छ ताटली पुढं करायची, आणि तेही न बोलता.

जळकी कड कापून टाकावी. जास्त आचेवर मांस करपलं, किंवा चरबी निखाऱ्यावर पडून ज्वाळा उठल्या, की कर्करोगाशी संबंध जोडलेली काही रसायनं त्यात तयार होतात. लिंबू-मसाल्यात आधी मुरवलेल्या मांसात ती कमी होतात, म्हणजे आपली मुरवण्याची सवय इथं उपयोगी पडते. बार्बेक्यू सॉस वरून ओतून घेऊ नका, बाजूला चमचाभर घ्या. अनेक बाटल्यांवर दोन टेबलस्पूनला दहा ग्रॅमच्या वर साखर लिहिलेली आढळते.

हॉट डॉगबद्दल एकदाच सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१५ साली प्रक्रिया केलेल्या मांसाला, त्यात हॉट डॉगही आला, कर्करोगकारक ठरवलं. रोज ५० ग्रॅम खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असा त्यांचा हिशेब. यातला 'रोज' हा शब्द महत्त्वाचा. वर्षातून तीनदा एखादा हॉट डॉग खाल्लात तर आभाळ कोसळत नाही. आणि हे आकडे तुमच्यापाशीच ठेवा. चार जुलैला न्यूयॉर्कमध्ये कोनी आयलंडला होणाऱ्या नेथन्सच्या हॉट डॉग खाण्याच्या स्पर्धेत २०२१ साली जोई चेस्टनटनं दहा मिनिटांत ७६ हॉट डॉग खाल्ले होते. ती स्पर्धा लोक आत टीव्हीवर बघत असताना १८ टक्क्यांचं गणित मांडणारा पाहुणा पुढच्या वर्षीच्या यादीत नसतो.

सहावी पायरी: 'नको' म्हणायची रीत

"आय एम गुड, थँक्स" हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं समोरचा प्रकृतीचं सांगतोय. त्याचा अर्थ "नको" असा. एवढंच पुरतं. कारण सांगायचं नाही, डॉक्टर काढायचा नाही, कार्ब्ज हा शब्द तर तोंडातूनच काढायचा नाही, नाहीतर पुढची वीस मिनिटं कुणाचा तरी मेहुणा किटो डाएटवर बोलतो.

उलट बाजू जास्त महत्त्वाची आहे. आपण संकोचानं पहिल्यांदा "नको नको" म्हणतो, मनात असतं की अजून दोनदा विचारतील. इथं दुसऱ्यांदा विचारत नाहीत. तुम्ही नको म्हणालात म्हणजे नको, असं मानणं हाच त्यांचा शिष्टाचार. माझ्या सासूबाई पहिल्या खेपेला आल्या तेव्हा अशाच उपाशी परतल्या. गाडीत बसल्यावर म्हणाल्या, "अगं, माणसं चांगली आहेत, पण आग्रह म्हणून नाही." तेव्हा जे हवं ते पहिल्याच विचारण्याला "येस, प्लीज" म्हणून घ्या.

घरच्या बाईनं स्वतः केलेला केक असेल तर दोन घासांचा तुकडा घ्यावा आणि तिच्यासमोर खावा. "जस्ट अ स्लिव्हर" म्हटलं की पातळ काप मिळतो. एवढ्या साखरेनं काही बिघडत नाही.

आपल्या मंडळींचा कुकआऊट

मराठी मंडळातले मित्र जमले की सगळे नियम उलटे होतात. इथं नको म्हटलं की खेळ सुरू होतो. "एक तरी घ्या हो", "वहिनी, तुम्ही काय पाप केलंय?", "आज कसलं डाएट, उद्यापासून करा". जाळीवर पनीर टिक्का, सीख कबाब, बाजूच्या तव्यावर पावभाजी, आणि शेवटी डब्यातल्या आमरसाचं श्रीखंड. नकार देऊन इथं कुणी जिंकलेलं मला माहीत नाही.

माझ्या अनुभवात तीन गोष्टी लागू पडतात. ताटली कधीच रिकामी ठेवायची नाही. मोकळी जागा दिसली की आग्रहाला वाट मिळते, त्यामुळे ती कोशिंबीर आणि काकडी-गाजरानं भरून ठेवायची. दुसरं, वाढायचं काम अंगावर घ्यायचं. वाढणाऱ्याला कुणी "तू घेतलंस का?" असं फार खोदून विचारत नाही, आणि आपल्या पानात किती पडतं ते आपल्या हातात राहतं. तिसरं, एका पदार्थाची मनापासून तारीफ करायची आणि तो कसा केला ते विचारायचं. आग्रह करणाऱ्याला आपण खाण्यापेक्षा आपलं लक्ष हवं असतं.

आणि या मंडळींत तब्येतीचं बोललं तर चालतं, किंबहुना बोलावं. दक्षिण आशियाई माणसाला कमी वजनातही मधुमेह गाठतो, म्हणून अमेरिकन डायबेटिस असोसिएशन आशियाई वंशाच्या लोकांना बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) २३ पासूनच तपासणी सुचवते. इतरांसाठी हा आकडा २५ आहे. शिकागो आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात २०१० पासून दक्षिण आशियाई लोकांच्या हृदयाचा एक मोठा अभ्यास चाललाय. त्याचं नाव 'मसाला'. हे नाव सांगितलं की हशा पिकतो, आणि हशा पिकला की पुढचं ऐकून घेतात. आमच्या गटात आता दर वेळी कुणीतरी एक जण पावभाजीऐवजी मटकीची भेळ आणतो. त्याची सुरुवात अशा हशातूनच झाली.

तुमच्या अंगणात

दोन-तीन बोलावण्यांना जाऊन आलात की एकदा आपणही बोलावावं. लेबर डे सोयीचा, ऊन उतरलेलं असतं आणि बाजारात मका, टोमॅटो, वांगी भरभरून. ग्रिलचे दोन भाग करा, एक मांसाचा आणि एक भाज्यांचा, आणि दोन्हीकडचे चिमटे वेगळे ठेवा. निखारे पेटवायला तेल ओतू नका, चिमणी म्हणून पत्र्याची नळी मिळते, तिच्यात वर कोळसे भरून खाली कागद पेटवायचा. तेलाचा वास वांग्याला लागला की ते वांगं फुकट.

वांगं शेवटी ठेवायचं. मंडळी गोड खाऊन आवरायला लागली की निखारे मंद झालेले असतात. दोन मोठी वांगी टोचे मारून त्यावर ठेवा, दर पाच-सात मिनिटांनी फिरवा. साल काळी पडून वांगं कोसळलं की झालं, अर्धा तास लागतो. वांगं बघून कुणीतरी "बाबा गनूश?" (अरबी पद्धतीचं भाजलेल्या वांग्याचं भरीत) विचारतं, तेव्हा "कझिन" म्हणायचं. झाकून ठेवा, पाहुणे गेल्यावर सोला, आणि हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात घालून खानदेशी पद्धतीनं परता. मंगळवारी ऑफिस असतंच, डब्याला भरीत होतं.